जुन्या भिंतींचं गाव

चौथीत असताना शाळेने शनिवारवाड्याला सहल नेली होती. दिल्ली दरवाजाचे ते अणकुचीदार खिळे बघून आम्ही पोरं जाम खूष. आता आत काय काय असेल म्हणून धावत सुटलो... तर आत काहीच नाही! जोती, कारंज्याचा हौद आणि हिरवळ. मी बाईंना विचारलं, "बाई, वाडा कुठाय?" बाई म्हणाल्या, "१८२८ साली आगीत जळला." "मग परत का नाही बांधत?" यावर बाईंनी मला रांगेत उभं राहायला सांगितलं. :-)

हा प्रश्न डोक्यातून निघून गेला असं मला वाटत होतं. पण गेल्या वर्षी कामानिमित्त तीन महिने स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला होतो, तेव्हा एका विकांताला तो अचानक परत समोर आला. आणि गंमत अशी, की तिथे त्या प्रश्नावर वीसेक वर्षं कोर्टकज्जे झाले होते.

गावाचं नाव सागुंतो. व्हॅलेन्सियाहून उत्तरेला लोकल ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. आमच्या टीममधली एक सहकारी मूळची तिथली. "रविवारी आमच्याकडे जेवायला ये, आमचं रोमन थिएटर पण बघ," असं तिने सांगितलं. फुकट जेवण आणि रोमन अवशेष, दोन्ही एका तिकिटात! नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आधी थोडा इतिहास. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा, पण पुढचं भांडण कळायला तो लागतो.)

सागुंतो हे रोमशी मैत्री असलेलं गाव होतं. इसवी सनापूर्वी २१९ मध्ये कार्थेजच्या हॅनिबलने त्याला वेढा घातला. गाव आठ महिने लढलं आणि पडलं. रोमकडून वेळेवर मदत आलीच नाही. पण याच निमित्ताने दुसरं प्यूनिक युद्ध पेटलं, ज्यात हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. म्हणजे आपण शाळेत जी हत्तींची गोष्ट वाचली तिची सुरुवात या गावात होते. पुढे रोमनांनी गाव परत उभं केलं आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोंगराच्या उतारावर हे थिएटर बांधलं. रोमन गेले, मग इतर राजवटी आल्या, थिएटरचे दगड हळूहळू लोकांच्या घरात गेले. गावाचं नावसुद्धा बदलून 'मुर्व्हिएद्रो' झालं. या नावाच्या मुळाशी लॅटिनमधल्या 'जुन्या भिंती' आहेत. म्हणजे शेकडो वर्षं या गावाची ओळखच 'जुन्या भिंतींचं गाव' अशी होती! १८६८ मध्ये त्यांनी सागुंतो हे नाव परत घेतलं. १८११ मध्ये नेपोलियनच्या फौजेने वेढा घातला, तेव्हाही या डोंगराने मार खाल्ला. शेवटी १८९६ मध्ये थिएटरला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

तर एवढं वाचून, मनात 'पडकं, गवत उगवलेलं, सुंदर' असं चित्र घेऊन मी जुन्या ज्यू वस्तीच्या गल्ल्यांमधून चढ चढत वर गेलो. आणि थिएटरच्या दारात पुन्हा चौथीतला मी झालो. फक्त उलटा. शनिवारवाड्यात वाटलं होतं, 'अरे, वाडा कुठाय?' इथे वाटलं, 'अरे, पडझड कुठाय?'

समोर प्रचंड, सरळ धारेच्या कडांची, नवीकोरी पिवळसर भिंत. प्रेक्षकांच्या बसायच्या पायऱ्यांवर फिकट रंगाच्या दगडाच्या गुळगुळीत लाद्या. एका बाजूला थोडा भाग उघडा ठेवलेला, तिथे जुने खडबडीत दगड दिसतात. रंगमंचाच्या भिंतीत काही मूळ रोमन तुकडे बसवलेत. बाकी सगळं नवं. एखाद्या महानगरपालिकेने परवाच नारळ फोडून उद्घाटन केलेल्या सभागृहासारखं. मला खरं सांगायचं तर रागच आला. दोन हजार वर्षांच्या वास्तूचं काय करून ठेवलंय हे?

जेवताना मी हे (जरा सौम्य शब्दात) बोललो, आणि घरात ठिणगी पडली.

सहकारीचे वडील सत्तरीचे. ते लगेच म्हणाले, बघ, हा भारतातून आलेला मुलगापण तेच म्हणतोय! लहानपणी ते त्या पायऱ्यांवर खेळलेले. सगळ्यात वरच्या पायरीवर बसलं की पुढे गावाची छपरं दिसायची आणि त्यापलीकडे समुद्र. आता काय दिसतं? भिंत. "त्यांनी आमचं थिएटर दुरुस्त नाही केलं, पुरलं," असं ते म्हणाले. मुलगी वैतागून म्हणाली, बाबा, तुमचं थिएटर म्हणजे दगडांचा ढीग होता. मी पहिलं नाटक त्याच नव्या पायऱ्यांवर बसून बघितलं. मला ते तसंच माहितीये. माझ्यासाठी तेच जुनं आहे.

मी आपला भात खात बसलो. पण त्या रात्री खोलीवर येऊन जालावर वाचायला सुरुवात केली ती पहाटे दोनपर्यंत. जे कळलं ते असं.

१९८० च्या दशकात व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक सरकारने हे काम जॉर्जो ग्रासी हा इटालियन आर्किटेक्ट आणि मान्वेल पोर्तासेली हा स्थानिक आर्किटेक्ट यांच्याकडे दिलं. प्रत्यक्ष बांधकाम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. ग्रासीचं म्हणणं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे.

ग्रीक थिएटर आणि रोमन थिएटर दिसायला सारखी वाटतात, पण त्यांची कल्पनाच वेगळी आहे. ग्रीक थिएटर उघडं असतं, नटांच्या मागे डोंगर, दरी, समुद्र दिसतो. रोमन थिएटर ही बंद इमारत. अर्धवर्तुळाकार पायऱ्यांइतकीच उंच भिंत रंगमंचामागे उभी असते, आणि दोन्ही मिळून एक आकाशाकडे उघडणारी खोली तयार होते. आवाज बाहेर पळून जात नाही आणि प्रेक्षकाला बाहेरचं जगही दिसत नाही. म्हणजे काकांना (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणत होतो) जो समुद्र दिसायचा, तो पहिल्या शतकातल्या प्रेक्षकाला तिथून दिसतच नव्हता! भिंत पडली म्हणून तो दिसायला लागला. ग्रासीने ती खोली परत बंद केली.

दुसरा मुद्दा मला जास्त हादरवून गेला. ग्रासीचं म्हणणं होतं, की लोक ज्याला 'रोमन अवशेष' समजून जपत होते त्यातला बराच भाग विसाव्या शतकातल्या डागडुजीचा होता. आधीच्या दुरुस्त्या जुन्या दगडांसारख्या दिसतील अशा बेताने केल्या होत्या. म्हणजे ती पडझडसुद्धा काही अंशी बनवलेलीच होती. मग खोटी जुनी भिंत बरी की खरी नवी भिंत बरी? त्याचं उत्तर : नवी भिंत, आणि ती नवी आहे हे लांबूनही कळलं पाहिजे.

इथवर वाचून मी पूर्णपणे ग्रासीच्या पार्टीत गेलो होतो. मग कोर्टाचा भाग वाचला.

स्पेनचा १९८५ चा ऐतिहासिक वारसा कायदा आहे. त्यातला नियम असा, की स्मारकाची पुनर्बांधणी करायची नाही. अपवाद एकच : अस्सल मूळ तुकडे पडलेले असतील तर ते आपापल्या जागी परत उभे करता येतात. याला 'अ‍ॅनास्टायलोसिस' म्हणतात. इमारत टिकवण्यासाठी काही नवं घालावंच लागलं, तर ते ओळखू आलं पाहिजे. १९६४ च्या व्हेनिस सनदेचाही सूर असाच आहे. जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीने थांबावं. मात्र त्याच सनदेत हेही आहे, की स्मारकाचा समाजाला काही उपयोग होत असेल तर ते जपायला मदतच होते. म्हणजे वापरा, पण त्यासाठी त्याचं रूप बदलू नका. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये दोन टोकांच्या अटी शेजारी शेजारी लिहून क्लायंट निवांत झोपतो, तसंच. :-)

१९९० मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. १९९३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या उच्च न्यायालयाने प्रकल्प बेकायदेशीर ठरवला. पण तोवर काम झालेलं होतं! २००० साली स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. २००३ मध्ये आदेश निघाला, की अठरा महिन्यांत नवं बांधकाम काढा आणि पूर्वीसारखं करा. दरम्यान व्हॅलेन्सियात सत्ता बदलली होती. ज्या पक्षाच्या लोकांनी या कामावर टीका केली होती, त्यांच्याच सरकारवर ते पाडायची जबाबदारी आली. मग अपिलं, अहवाल, मुदती. शेवटी २००९ मध्ये न्यायालयाने मान्य केलं, की या निकालाची अंमलबजावणी अशक्य आहे. थिएटर आहे तसंच राहिलं.

म्हणजे अधिकृत स्थिती अशी : हे बांधकाम बेकायदेशीर आहे, आणि ते काढता येत नाही. आपल्याकडच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. :-)

पण थट्टा बाजूला. 'पूर्वीसारखं करा' या दोन शब्दांवर मी बराच वेळ अडकलो. पूर्वीसारखं म्हणजे कधीसारखं? १९९० सारखं, ज्यात विसाव्या शतकातली नकली डागडुजी होती? १८११ च्या आधीसारखं? की पहिल्या शतकासारखं? हा आदेश अमलात आणायचा तर आधी कुठली तरी एक तारीख निवडावी लागते. आणि ती कुठल्याही दगडावर कोरलेली नसते.

इथे मला माझीच एक जुनी चूक आठवली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक जुना बिलिंग मोड्यूल आला. कोड भयंकर. कुणी लिहिला माहीत नाही, कॉमेंट नाहीत, मध्येच विचित्र अटी. मी तरुण, उत्साही. म्हटलं हे ठिगळं लावायचं काम आपल्याला जमणार नाही, पूर्ण नव्याने लिहितो. लिहिला. सुंदर लिहिला. सगळ्यांनी कौतुक केलं. आणि मार्चअखेरीला तो पडला. जुन्या कोडमधल्या ज्या एका विचित्र ओळीला मी हसलो होतो, ती वर्षअखेरच्या एका खास हिशोबासाठी होती. ती ओळ म्हणजे कुणाच्या तरी आधीच्या मार्च महिन्याची आठवण होती, आणि मी ती साफसफाई म्हणून पुसली होती.

माझं नशीब एवढंच, की जुनी आवृत्ती व्हर्जन कंट्रोलमध्ये होती. अर्ध्या तासात परत आणली. दगडाला तशी सोय नसते.

मग मी शोधायला लागलो, की इतरांनी हे कसं केलं. दोन उदाहरणं सापडली, आणि दोन्ही आपल्या ओळखीची निघाली.

पहिलं अथेन्सचं. आमच्या बाबांकडे यानीची 'लाइव्ह अ‍ॅट द अ‍ॅक्रोपोलिस' ही सीडी होती, रविवारी सकाळी घरात तीच वाजायची. तो कार्यक्रम सप्टेंबर १९९३ मध्ये जिथे झाला ते हेरोदेस अ‍ॅटिकसचं ओडिऑन. दुसऱ्या शतकात हेरोदेस नावाच्या श्रीमंताने आपल्या मृत पत्नीच्या, रेजिलाच्या स्मरणार्थ ते बांधलं. २६७ साली हेरुली टोळ्यांच्या हल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं. १९५० च्या दशकात त्याच्या बसायच्या पायऱ्या पेंटेलिक संगमरवरात नव्याने घातल्या. १९५५ मध्ये अथेन्स महोत्सव सुरू झाला, १९५७ मध्ये तिथे मारिया कॅलास गायली. म्हणजे यानीसमोर लोक ज्या 'प्राचीन' पायऱ्यांवर बसले होते त्या त्याच्या जन्माच्या आसपासच्या होत्या! पण रंगमंचामागची भग्न कमानींची भिंत मात्र भग्नच ठेवली. बसायची जागा नवी, बघायची जागा जुनी. म्हणूनच कदाचित सीडीच्या कव्हरकडे बघून आपल्याला कधी खटकलं नाही.

दुसरं रोमचं. काराकाला या सम्राटाच्या काळात, २१६ मध्ये सुरू झालेली प्रचंड स्नानगृहं. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमचे जलवाहिनीचे मार्ग तोडले आणि ही स्नानगृहं कोरडी पडली. १९३७ पासून तिथे उन्हाळ्यात ऑपेरा होऊ लागला. ७ जुलै १९९० ला, फुटबॉल वर्ल्डकप फायनलच्या आदल्या रात्री, पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तिघे एकत्र गायले ते इथेच. आणि त्या दिवशी वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभा होता आपला मुंबईकर झुबिन मेहता! पण रंगमंच थेट अवशेषांमध्ये उभारला होता. त्याने वास्तूला त्रास होतो म्हणून १९९३ मध्ये ऑपेरा थांबवला. २००१ मध्ये परत सुरू केला तेव्हा रंगमंच अवशेषांपासून दूर आणि सुटा, काढता येईल असा केला. भिंती फक्त मागे उभ्या. प्रकाश पडतो त्यांच्यावर, वजन नाही.

तीन गावं, तीन उत्तरं. अथेन्सने अर्धं नवं केलं, अर्धं सोडून दिलं. रोमने आधी चूक केली, थांबलं, आणि मग मागे घेता येईल असं उत्तर शोधलं. सागुंतोने सगळ्यात प्रामाणिक उत्तर दिलं, पण ते मागे घेता येईना.

माझं मत विचाराल तर (कुणी विचारलेलं नाही, तरीही) वापर हवाच. कुंपण घातलेल्या, तिकीट काढून दहा मिनिटांत फोटो काढून सोडून दिलेल्या दगडांवर कुणाचा जीव जडत नाही. त्या सहकारीचा जीव थिएटरवर आहे तो तिथे नाटकं बघितली म्हणून. पण प्रत्येक पिढीने आपली भर अशी घालावी की पुढच्या पिढीला ती नको वाटली तर काढता यावी. आपण शहाणे आहोत असं प्रत्येक पिढीला वाटतं. पूर्वी नकली डागडुजी करणाऱ्यांनाही तसंच वाटलं असणार, आणि बिलिंग मोड्यूल लिहिताना मलाही. ग्रासीचा तर्क मला आजही पटतो. फक्त तो चुकला असता तर काय, याची सोय त्याच्या भिंतीत नव्हती.

ऑगस्टमध्ये परतायच्या आधी सहकारीने नाटकाची तिकिटं काढली. तिथे उन्हाळ्यात 'सागुंत आ एसेना' नावाचा महोत्सव असतो. ती, तिची आई, मी आणि... काका! मी चकित. म्हटलं, तुम्हाला तर हे आवडत नाही ना? ते म्हणाले, नाही आवडत. दरवर्षी येतो.

नाटक स्पॅनिशमध्ये, मला चार आणे कळलं. पण खालचा नट कुजबुजला तरी वर ऐकू येत होतं. भिंत आपलं काम चोख करत होती. मध्यंतरात सगळे पाय मोकळे करायला उठले, काका बसून राहिले. त्यांनी शेजारच्या लादीवर हात फिरवला आणि मला माझ्या मोडक्या स्पॅनिशलाही समजेल इतक्या सावकाश सांगितलं, "मी लहानपणी बसायचो तो दगड याच्या खाली आहे. इथेच."

म्हणजे पुरलं असलं तरी कुठे पुरलंय ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या मुलीला ते कधीच दिसणार नाही. पण वडील कुठल्या लादीवर हात फिरवतात हे तिला माहितीये. ती माझ्याकडे बघून हसली आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

पुण्यात परत आल्यावर एका शनिवारी मुद्दाम शनिवारवाड्यात गेलो. जोत्यांवर काही पोरं पळत होती. त्यातली एक मुलगी आईला विचारत होती, "पण वाडा कुठेय?" आईने मोबाइलमधून मान वर केली, आणि तिलाही काही सुचेना.

मला वाटलं जाऊन सांगावं. पण काय सांगणार? 'परत बांधत का नाहीत' या प्रश्नाचं उत्तर मला आता चौथीतल्यापेक्षा कमी सोपं वाटतं. तरी एक गोष्ट नक्की. त्या जोत्यांवर बसून ती मुलगी जो वाडा मनात बांधत होती, तो ग्रासीपेक्षा स्वस्तात होत होता, आणि कोर्टालाही पाडता आला नसता.

असो. विकांत संपला. उद्या सोमवार, आणि माझ्या टेबलावर आणखी एक जुना मोड्यूल वाट बघतोय. या वेळी आधी प्रत्येक विचित्र ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकणार आहे. पुसणार नाही.